पुढचे दोन पाय

खुर्चीनं तिला ढकललं. अगदी ढकललं असं म्हणता येणार नाही, कारण खुर्च्या ढकलत नाहीत हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. उद्या सकाळी प्रदर्शन उघडायचं होतं. दालनात कुणी नव्हतं, सुतार वरच्या मजल्यावर काचा बसवत होते, आणि लेबलाची पट्टी सरळ लागली आहे का ते ओणवं होऊन बघता बघता तिच्या कमरेत अशी कळ आली की मागचापुढचा विचार न करता ती समोरच्या चौथऱ्यावरच्या खुर्चीत टेकली. मांडलेल्या वस्तूवर बसायचं नाही, हे ती नव्या मदतनिसांना इतक्या वेळा बजावायची की ते तिच्या पाठीमागं तिची नक्कल करायचे. टेकली तोच ती पुढं घसरली. बैठक पुढच्या बाजूला उतरती आहे हे तिला माहीत होतं. तो उतार तिनंच मोजला होता, त्यावर तिनंच लिहिलं होतं. पण माहीत असणं वेगळं आणि घसरणं वेगळं. घसरू नये म्हणून तिचे पाय आपोआप आत ओढले गेले, चवडे फरशीत रुतले, पोटऱ्या ताठ झाल्या, मान पुढं आली, आणि कुणी बोलावलेलं नसताना ओठांवर सतराचा पाढा आला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्नपाशी ती ताडकन उठली आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडंतिकडं बघू लागली. कुणी पाहिलं नव्हतं. तरी चोरी पकडली गेल्यासारखं वाटत होतं, आणि चोरी कुणाची तेच कळत नव्हतं.

लेबलावर तिनं लिहिलं होतं ते असं: ‘घरातील खुर्ची. पुढचे दोन पाय कापलेले. गृहिणीची उंची कमी असल्याने तिचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून पतीने घरीच केलेला बदल. सर्वांसाठी केलेली वस्तू एका माणसाची कशी होते, याचे उदाहरण.’ गृहिणी म्हणजे तिची आई. पती म्हणजे तिचे बाबा, जे आता नव्हते. आणि खुर्ची म्हणजे एकेकाळी घरोघर असलेली कारखान्यातली साधी लाकडी खुर्ची, जिला जाहिरातीत ‘सगळ्यांची खुर्ची’ म्हणत. ती काढणाऱ्या कारखान्यानं माणसांची मापं घेतली, त्यांची सरासरी काढली, आणि त्या सरासरी माणसाच्या पाठीला नि गुडघ्यांना बरोबर बसेल अशी खुर्ची केली. तो सरासरी माणूस काही कधी दुकानात आला नाही. आली ती लठ्ठ, लुकडी, लंगडी, उंच, बुटकी माणसं, आणि खुर्ची घरी नेऊन प्रत्येकानं तिचं आपल्याला हवं तसं काहीतरी केलं. कुणी हात ठोकले. कुणी आजारी सासऱ्यासाठी बैठकीला भोक पाडलं. एका न्हाव्यानं मान टेकायला मागं फळी लावली. अशा खुर्च्या तिनं वर्षानुवर्षं अडगळीतून, भंगारातून, लोकांच्या हातापाया पडून गोळा केल्या होत्या. वस्तूचा इतिहास कागदावर आराखडा काढणाऱ्याचा नसतो, तो वापरणाऱ्याचा असतो, त्याच्या घरातल्या मानापानाचा, भीतीचा, लाजेचा असतो, हे तिचं म्हणणं. या म्हणण्यापायी तिनं जुन्या जाणत्यांशी भांडणं ओढवून घेतली होती, नावही मिळवलं होतं, आणि या सगळ्या डोलाऱ्याच्या तळाशी ही एक खुर्ची होती. बाहेरच्या भिंतीवरच्या मोठ्या चित्रातही हीच. बुटक्या बायकोसाठी नवऱ्यानं पाय कापलेली. बघणाऱ्यांचे डोळे हटकून ओलावायचे.

तिला शिकवणारे म्हातारे सर म्हणायचे, माणसं खोटं बोलतात, वस्तू खोटं बोलत नाही, तेव्हा वस्तूला विचारा. तिनं ते इतकं मनावर घेतलं होतं की त्या कारखान्यातल्या निवृत्त माणसांच्या आठवणीसुद्धा ती खुर्चीशी ताडून पाहिल्याशिवाय मानायची नाही. आणि आईला तर तिनं कधी विचारलंच नव्हतं. आई याच शहरात, बसनं अर्ध्या तासावर राहत होती. तिच्याशी रोज फोनवर बोलणं व्हायचं, जेवलीस का, औषध घेतलंस का, पण खुर्चीचं काही नाही. विचारायचं काय त्यात? खुर्ची सगळं सांगतच होती. बैठकीवरचं पॉलिश फक्त पुढच्या काठाशी उडालं होतं, वीतभर, बाकी लाकूड जवळजवळ नवं. म्हणजे बसणारी कधी मागं रेललीच नव्हती. हाक आली की उठायचं म्हणून काठावर टेकलेली बाई. ‘काठावरची बाई’ या नावाचं प्रकरण तिनं आपल्या पुस्तकात लिहिलं होतं, ते विद्यार्थी परीक्षेत धडाधड उतरवून काढायचे. आता ती त्या उडालेल्या पॉलिशकडं बघत उभी राहिली आणि तिच्या मनात आलं, सातआठ वर्षांच्या पोरीची बैठक केवढी असते? वीतभरच असते की.

तिनं विचार झटकला. झटकला म्हणजे दुसऱ्या दालनात गेली, तिथली लेबलं तपासली, मदतनिसावर उगाच चिडली, परत आली. डबा तिनं नेहमीप्रमाणे खिडकीपाशी उभ्यानंच खाल्ला. उभ्यानं खायची तिची सवय घरात थट्टेचा विषय होती. नवरा म्हणायचा, आपल्याकडं जेवायचं टेबल आहे ते पाहुण्यांना दाखवायला. सिनेमाला गेलं तरी मध्येच उठून मागं जाऊन उभी राहायची. निजायची ती कुशीवर, पाय पोटाशी घेऊन, कुणीतरी उठवणार आहे अशी. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवरा चेष्टेत म्हणाला होता, तुझ्यावर कुणी पहारा ठेवलाय का? ती हसली होती. हसण्यासारखंच होतं ते. आता डबा धुताना तिला ते वाक्य आठवलं आणि तिनं मागं वळून पाहिलं.

आणि तो हात. आईचा हात. लहानपणची ही एकच आठवण तिनं प्रकरणात वापरली होती, तीही शेवटी, एका वाक्यात: खुर्चीच्या पाठीवर टेकलेला आईचा हात, बोटांना कांद्याचा वास, आई नुकतीच उठलेली किंवा उठण्याच्या बेतात. पण हे तिला दिसत कुठून होतं? आई उठते आहे आणि आपण समोर उभ्या आहोत, असं असतं तर आईचा चेहरा दिसायला हवा. चेहरा नव्हता. फक्त हात होता, आणि तो मागून, खांद्याच्या वर, कानाजवळ. वास नाकाशी होता. आपल्याच डोक्यामागं असलेला हात समोरून पाहिल्यासारखा आपण इतकी वर्षं कसा सांगत आलो, हे तिला उमजेना. समोर पिवळ्या दिव्याखाली उघडं पुस्तक होतं, हेही आता आठवत होतं. का आठवतंय असं वाटत होतं? आपण आता आठवणीही तयार करायला लागलो की काय?

आईला प्रदर्शन आदल्या दिवशीच, गर्दी नसताना दाखवायचं ठरलं होतं. तिला आणायला ती दुपारी निघाली. बसथांब्यावर नवी बाकं बसवली होती, उतरती, अरुंद, मध्ये लोखंडी दांडे घातलेली. टेकता येतं, बसता येत नाही, आडवं होणं तर लांबच. अशा बाकांवर ती दरवर्षी एक अख्खा तास घ्यायची. वर्गात आवाज चढवून सांगायची की बघा, हे बाक दमलेल्यासाठी केलेलं नाही, दमलेला इथं झोपू नये म्हणून केलेलं आहे, ज्यांना दुसऱ्याची झोप खुपते त्यांनी हे केलं आहे, आणि हे करताना त्यांनी एक शब्दही लिहून ठेवलेला नाही, सगळा हुकूम त्या उतारात आहे. पोरं टाळ्या वाजवायची. आता ती त्या बाकापाशी उभी राहिली आणि तिला बाक ओळखीचं वाटलं, घरचं वाटलं. शेजारी एक थकलेला माणूस त्यावर टेकून पुन्हापुन्हा घसरत होता, पुन्हापुन्हा सावरत होता. तिला त्याचा राग आला. मग स्वतःचा आला. बस आली तेव्हा जागा रिकामी असूनही ती दांडा धरून उभी राहिली, आणि आपण उभ्या आहोत हे आज पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं.

आई तयार होती. बूट घालून, पर्स हातात घेऊन, दाराशी उभी.

"उशीर केलास," आई म्हणाली. "मी केव्हाची आवरून उभी आहे."

"बसायचं ना मग."

"बसलं की उठवत नाही."

तिनं ठरवलं होतं की आडवळणानं विचारायचं. पण तोंडातून सरळच निघालं. "आई, ती पाय कापलेली खुर्ची कुणाची होती गं?"

"तुझी," आई म्हणाली आणि पर्समध्ये चष्मा शोधू लागली. "आणखी कुणाची असणार? तू नेलीस तेव्हा मला वाटलं, आठवण म्हणून नेतेस."

"आणि पाय? बाबांनी कापले ना?"

"बाबांनी?" आईला मनापासून हसू आलं. "त्यांना खुर्चीला पाय असतात हे तरी माहीत होतं का? मी कापले. शेजारच्यांकडून करवत आणली होती. एक पाय जास्त गेला, मग दुसरा त्याच्या बरोबरीला आणला, तर तो जास्त गेला. वेळीच थांबले म्हणून बरं, नाहीतर तुला जमिनीवरच बसवावं लागलं असतं."

करवत म्हटल्यावर आपण पुरुष धरून चाललो, हे तिच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. बायकांचं काम कुणाला दिसत नाही, असं घसा कोरडा करून सांगणारी ती. एरवी तिला स्वतःचंच हसू आलं असतं. आता आलं नाही.

"का कापलेस?"

"तू झोपायचीस. पुस्तक उघडलं, पाठ टेकली, की डोळे मिटले. मारलं तरी झोपायचीस. मार खाऊन गाढ झोपणारी पोर मी दुसरी पाहिली नाही. मग एकदा बघितलं, तिरक्या पायरीवर बसलीस की तुला झोप येत नाही. म्हटलं, चला."

"मी आठ वर्षांची होते, आई."

"हो ना. त्याच वयात सवय लागते."

"लागली," ती म्हणाली. "अजून लागलेली आहे. मला बसता येत नाही. मला स्वस्थ जेवता येत नाही, झोपता येत नाही, सुट्टीच्या दिवशी मला आपण काहीतरी गुन्हा करतोय असं वाटतं. मला वाटायचं माझा स्वभावच असा. तू करवतीनं केलास तो."

आईनं चष्मा शोधायचा थांबवला. ती रागावेल किंवा रडेल असं वाटलं होतं, पण तसं काहीच झालं नाही. ती दाराच्या चौकटीला टेकली, आणि बोलू लागली तेव्हा दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं बोलली.

"मीही झोपायचे. घरातलं सगळं उरकून पुस्तक घेतलं की डोळे जड व्हायचे. एकदा वडील आले, दिवा विझवला आणि म्हणाले, हिला झोप प्यारी आहे, पुस्तकं हिच्यासाठी नाहीत. शाळेतून नाव काढलं. मला वाटलं, रागात म्हणाले, उद्या परत घालतील. नाही घातलं. तेवढ्या एका डुलकीवर झालं सगळं. तू पहिल्यांदा पुस्तकावर झोपलीस ना, तेव्हा मला तो विझलेला दिवा दिसला. दुष्टपणा नव्हता गं तो. मला भीती वाटायची."

"आणि तू मागं उभी राहायचीस."

"राहणारच. तुला एकटीला कसं जागं ठेवायचं? मलाही झोप यायची, म्हणून बसायचं नाही, उभं राहायचं. हात तुझ्या खुर्चीवर."

दोघी टॅक्सीनं निघाल्या. आई खिडकीतून बघत होती आणि ती मनातल्या मनात लेबल बदलत होती. ‘पुढचे पाय आईने कापले, मुलीला झोप लागू नये म्हणून.’ एवढंच. खरं. पण मग बाहेरच्या भिंतीवरचं चित्र काढावं लागणार, प्रकरण मागं घ्यावं लागणार, जुने जाणते मिशीत हसणार की बाई स्वतःच्या घरातली खुर्ची ओळखू शकली नाही आणि निघाली समाज ओळखायला. हसू देत. ते तिला सोसलं असतं. सोसत नव्हतं ते वेगळंच. बुटक्या बायकोसाठी गुडघे टेकून पाय कापणारा नवरा एकदा गेला की बाबांकडं काही उरत नव्हतं. वर्तमानपत्रामागचा माणूस, ताट पुढं सरकवणारा माणूस, घरात असून भाड्यानं राहिल्यासारखा. त्या खुर्चीच्या आधारावर तिनं त्यांना एक चांगलं लग्न देऊन टाकलं होतं, आणि स्वतःला एक बालपण. तिला आईचा भयंकर राग येत होता आणि त्याच वेळी, दिवा विझल्यावर अंधारात पुस्तक धरून बसलेल्या मुलीला उचलून घ्यावंसं वाटत होतं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं? तिनं आईकडं पाहिलं. आईचा डोळा लागला होता. गाडीनं गचका दिला तशी ती दचकून सरळ झाली आणि म्हणाली, "जागी आहे मी."

दालनात आई सगळ्या खुर्च्यांसमोर थांबली. न्हाव्याची तिला आवडली, भोक पाडलेली बघून तिनं नाक मुरडलं. मग आपल्या घरच्या खुर्चीपाशी आली, तिच्याकडं न बघता आधी लेबल वाचू लागली, ओळीखाली बोट फिरवत, लहान मुलासारखं. एका जागी बोट थांबलं. पुन्हा मागं जाऊन पुढं आलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो. चुकलंय ते. आत्ता काढते, नवीन छापून घेते."

"कशाला?"

"खोटं आहे ना, आई."

"असू दे की." आईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "छान लिहिलंयस. असं कुणी केलं असतं तर बरं झालं असतं."

वस्तूला विचारा, असं म्हणणाऱ्या सरांनीही यावर काही सांगितलेलं नव्हतं. तेवढ्यात संचालक आले. वाकून बोलणारे, प्रत्येक पाहुण्याला आपण मोठं काहीतरी बहाल करतो आहोत असं वाटणारे गृहस्थ. आईला बघून ते खुलले. "म्हणजे याच त्या. तुमच्या खुर्चीवर आमचं सगळं उभं आहे बरं का. मला तर प्रत्येक वेळी गहिवरून येतं. तुमच्या यजमानांनी काय विचार केला असेल त्या काळात." मग तिच्याकडं वळून, घड्याळ बघत, "लेबलं पक्की ना? पुस्तिका आता छापायला जाते आहे. नंतर काही बदलता येणार नाही."

तिनं तोंड उघडलं. वाक्य जिभेवर तयार होतं, टॅक्सीत घडवलेलं. पण आईच आधी बोलली.

"मी नको म्हणत होते," आई म्हणाली. "चांगल्या खुर्चीचं वाटोळं कशाला करता, म्हटलं. पण ते ऐकतात होय?"

संचालक कौतुकानं हसले. ती आईकडं बघत राहिली. आई संचालकांकडं बघत नव्हती, खुर्चीकडंही नाही. ती मधल्या रिकाम्या जागेकडं बघत होती आणि तिथं तिला काहीतरी दिसत असावं, कारण तिचा चेहरा सैल पडला होता. एरवी दोन वाक्यांत आटपणारी आई बोलतच सुटली. सुट्टीचा दिवस होता म्हणे. करवत त्यांनी शेजारून मागून आणली. भुसा सगळ्या घरभर. थोडं कापायचं आणि मला म्हणायचं, बस. मी बसायचे. पाय टेकले का? नाही. ऊठ. पुन्हा थोडं कापायचं. पुन्हा बस. मला मेलं हसू येत होतं, स्वयंपाक तसाच पडलेला. म्हटलं, राहू द्या आता, मला कामं आहेत. तर म्हणाले, कामं कुठं पळून जातात?

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. बाबा असं वाक्य जन्मात बोलले नसते. आणि खोटं म्हणावं, तर आईला स्वतःबद्दल इतकं बोलताना तिनं आजवर ऐकलं नव्हतं. तिचा राग कुठं गेला नव्हता, तो आत होताच, पोटऱ्यांत, चवड्यांत. पण त्याच्यासाठी आता या बाईच्या हातून हे काढून घ्यावं, एवढा तो मोठा नव्हता.

"मग, पक्कं ना?" संचालकांनी विचारलं.

"पक्कं," ती म्हणाली. "आहे तसंच राहू द्या."

ते घाईनं निघून गेले. दालनात पुन्हा दोघीच राहिल्या. वरच्या मजल्यावर कुणीतरी काच घासत होतं, तो आवाज येत होता. आई थोडी शरमल्यासारखी पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती. "खरं काय ते तुला माहीत आहे," ती हळूच म्हणाली. "झालं तर मग."

तिला म्हणायचं होतं, हो, माहीत आहे. त्याऐवजी ती म्हणाली, "पुढं काय झालं?"

"कशाचं?"

"त्यांनी पाय कापले. मग?"

आईनं तिच्याकडं रोखून पाहिलं. ही चेष्टा करते आहे का, हे ती बराच वेळ ताडत राहिली. मग तिची खात्री पटली असावी.

"मग काय," आई म्हणाली. "ते म्हणाले, आता रेलून बघ. मी रेलून बघितलं. पाय खाली टेकले होते, पाठ मागं टेकली होती. म्हणाले, आता उठू नकोस."

"उठलीस?"

"नाही. बसून राहिले."